आठवं झाकण

स्टीलच्या पातेल्यावरचं झाकण ‘टण्’ करून ओट्यावर पडलं आणि दुपारची शांतता मोडली. वीज जाऊन तास झाला होता. कूलर गप्प होता, खिडकीला लावलेली ओली चादर वाळून कडक झाली होती, आणि अमरावतीचं मे महिन्यातलं ऊन घरात पाय पसरून बसलं होतं. चार वर्षांची रेवा फरशीवर पालथी पडून हत्तीला हिरवा रंग देत होती.

“जाई, वास घेऊन बघ गं,” सासूबाई पातेलं घेऊन आल्या. “काल रात्रीचं वरण आहे. चालेल का लेकराला?”

काळमेघांच्या घरात हे रोजचं होतं. सासूबाईंना वास येणं त्या मोठ्या साथीत बंद झालं ते पुन्हा सुरू झालंच नाही. लग्न होऊन आठ दिवस झाले असतील, जाईने दुधाच्या पातेल्याजवळून जाता जाता सांगितलं होतं, “आई, हे संध्याकाळपर्यंत टिकणार नाही,” आणि ते टिकलं नव्हतं. तेव्हापासून घरात जे काही शंकेचं असेल ते आधी जाईच्या नाकाखालून जायचं. नवरा राजस्थानात सौरप्रकल्पावर होता. तोही फोनवर विचारायचा, “काय म्हणतंय घरातलं नाक?”

जाईने वाकून वास घेतला. आंबूस होता. आंबूस आहे हे तिला नीट कळलं, घड्याळात किती वाजले ते कळतं तसं. पण नेहमी त्या वासाच्या मागोमाग पोटातून जे काही वर येतं, ते आलं नाही.

“चिंच जरा जास्त झालीय,” ती म्हणाली. “चालेल.”

तिनेच भात कालवला, तिनेच भरवला. दुसऱ्या घासाला रेवाने नाक मुरडलं. “आई, हे शी आहे.”

“जेवणाला शी म्हणायचं नाही,” जाईने दटावलं आणि तिसरा घास पुढे केला. चिऊचा, मग काऊचा, मग हिरव्या हत्तीचा.

दिवेलागणीपर्यंत रेवा सहा वेळा ओकली. डॉक्टरांनी सलाईन लावलं, पोटाला दोन दिवस विश्रांती द्या म्हणाले, आणि विचारलं, काय खाल्लं होतं? जाई म्हणाली, वरणभात. साधा वरणभात.

रात्री रेवाला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या सरलाकाकू रेवाला बघायला आल्या. विचारपूस करता करता त्यांनी ओट्यावरचं ते पातेलं उघडलं आणि तोंडाला पदर लावून थेट मोरीकडे धावल्या. “अगं बाई! मेलं हे काय? उंदीर मेलाय का यात?”

जाईने पातेलं उचललं आणि नाक पार आत घातलं. आंबट. कुजकट. तळाशी अंड्यासारखं काहीतरी. सगळं ओळखू येत होतं. पण एकही वास तिला ‘दूर हो’ म्हणत नव्हता. पातेलं हातात धरून ती तशीच उभी राहिली, आणि तिला एकतीस नंबरची बाटली आठवली.

---

तीन आठवड्यांपूर्वी, संशोधन केंद्रातल्या पहिल्याच दिवशी, ती सगळ्यांदेखत ओकली होती.

लग्न आणि बाळंतपणात तीन वर्षं गेली, मग तिने बी.एस्सी. पुन्हा धरलं होतं. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत शहराबाहेरच्या जनुक संशोधन केंद्रात आठ आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली, तेव्हा सासूबाईंनी सगळ्या आळीत पेढे वाटले. आळीत कोणी विचारलं तर त्या सांगत, “आमची जाई माणसाचे जनुक बघते.” जाई खरं म्हणजे झाकणं बघत होती.

एका टेबलावर सात वाट्या, प्रत्येकीवर एक झाकण. एकाखाली खवट तेल, एकाखाली काळा पडून पाझरणारा बटाटा, एकाखाली ओल्या पोत्यात आठवडाभर ठेवलेला कोबी. सातव्याखाली प्रयोगशाळेत बनवलेलं पिवळं पाणी, चिघळलेल्या जखमेचा हुबेहूब वास देणारं. चाचणीला आलेल्या माणसाने एकेक झाकण उचलायचं. त्याच्या वरच्या ओठाला पारदर्शक पट्टी चिकटवलेली असे. किळस आली की माणसाचा वरचा ओठ किंचित वळतो, त्याला स्वतःला कळायच्या आधी. ते वळणं पट्टी नोंदवायची. वाट्या भरायचं, पट्ट्या लावायचं आणि वाट्या धुवायचं काम इंटर्नचं.

“पहिल्या दिवशी सगळेच ओकतात,” डॉ. टेंभेकर तिला पाणी देत म्हणाल्या. केंद्राच्या त्या प्रमुख. बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या, आणि हसताना लाजल्यासारख्या हसणाऱ्या. “तुला मुलगी आहे ना? तिची शी धुताना असं झालं होतं?”

“नाही मॅडम.”

“दुसऱ्याच्या मुलाची धुवायला लागली असती तर?”

जाईने तोंड वाकडं केलं. मॅडम खूश झाल्या. “तेच. बाळंत झालेल्या बाईच्या शरीरात एक चिमुकला रेणू तयार होतो. किळस जागी करणाऱ्या जनुकाला तो म्हणतो, या एका लेकराच्या बाबतीत तू गप्प बसायचं. आम्ही त्याला मौनरेणू म्हणतो. जनुक पुसला जात नाही, बदलत नाही. नुसतं तोंडावर बोट. तो रेणू आम्ही थेंबांत आणलाय. नाकात दोन थेंब घातले की सहा आठवडे.”

“एकाच लेकराच्या बाबतीत?”

“ते अजून जमलं नाही,” मॅडम म्हणाल्या. “आमचा सरसकट गप्प करतो.”

थेंब कुणासाठी, हे मॅडमनी चहा पिता पिता सांगितलं. त्यांचे वडील शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. पाठीला जखमा झाल्या होत्या. “मी रोज जायचे, जाई. रोज. आणि दारात उभी राहून बोलायचे. आत पाऊल टाकलं की पोट उलटायचं. त्यांना कळत होतं. ते म्हणायचे, तिथूनच बोल बाळा, मला ऐकू येतं.” मग त्यांनी कप खाली ठेवला आणि चष्मा पुसला.

चाळीस माणसं ठरली होती, सगळी दवाखान्यांत सफाई करणारी. वीस जणांना मौनरेणू, वीस जणांना नुसतं खारं पाणी. कोणाला काय मिळालं ते मॅडमनाही ठाऊक नाही. यादी पाकिटात बंद. त्याच आठवड्यात, थेंब द्यायच्या दिवशी, एक बाई आली नाही. “एक जागा रिकामी राहिली की गणित बोंबलतं,” मॅडम म्हणाल्या. “जाई, तू बस ना. वयात बसतेस, तब्येत ठणठणीत आहे.” जाईने सही केली आणि मान मागे टाकली. एकतीस नंबर. थेंब घशात उतरले ते खारट लागले, आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीने मनाशी निकाल लावून टाकला: खारं पाणी. खारट दोन्ही होते, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

आठवड्याभरात ती सातही वाट्या गुणगुणत भरू लागली. मॅडम म्हणाल्या, “बघ, सवय झाली!” जाईला स्वतःचा अभिमान वाटला. घरी फोनवर नवऱ्याला म्हणाली, “तुमच्या लेकीने माझी किळस कधीच मारून टाकलीय.”

---

“मे महिना आहे,” डॉ. टेंभेकर म्हणाल्या. रेवाला घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी जाई त्यांच्यासमोर उभी होती. “गावातल्या निम्म्या मुलांची पोटं बिघडलेली असतील.”

“मॅडम, ते वरण सडलं होतं. मी नाक आत घालून वास घेतला आणि लेकीला भरवलं.”

मॅडमनी समोरची वही मिटली. मग हळूच म्हणाल्या, “म्हणजे तू मौनरेणूच्या गटात आहेस. काम करतोय तो. छान काम करतोय.”

“बाकीच्या एकोणीस जणांच्याही घरी स्वयंपाक होतो. आपल्या प्रश्नावलीत सगळे प्रश्न कामावरचे आहेत. घरचा एकही नाही.”

“त्यांना आत्ता काही सांगितलं तर ते सावध होतील आणि आकडे बिघडतील. तीन आठवडे थांब. निकाल लागला की आपण सूचनापत्रकात घालू. अन्न ताजं खावं, वगैरे.”

जाई थांबली. पुढे कितीदा तरी तिने स्वतःला विचारलं, ती का थांबली? रेवा पुन्हा खेळायला लागली होती, हे एक. मॅडमचा शब्द मोडायची छाती नव्हती, हे दुसरं. तिसरं कारण तिला नंतर कळलं.

चौथ्या आठवड्यात दवाखान्यांच्या सफाईचे कंत्राटदार बोंद्रे केंद्रात आले. पहिले आकडे पाहून त्यांनी आणलेले पेढे स्वतःच खायला सुरुवात केली. “कमाल आहे बुवा,” ते म्हणाले. ओठाच्या कोपऱ्याला पेढ्याचा लगदा चिकटला होता. “म्हणजे हातमोजे, मास्क, साबण, ही सगळी किरकिर संपली. ज्याला घाण वाटतच नाही त्याला घाणीपासून वाचवायचं कशाला?”

मॅडम घाईघाईने म्हणाल्या, “नाही नाही, तसं नाही, जंतू तर असतातच ना.” बोंद्रे हसले. जाई कोपऱ्यात उभी होती. बोललं गेलं ते घाण आहे, हे तिला कळलं. आंबूस वास आंबूस आहे हे कळलं होतं, तसंच. आत काही ढवळलं नाही. तिने टेबलावरचे कप गोळा केले आणि धुवायला नेले.

---

सहाव्या आठवड्याच्या शेवटी एका सकाळी तिने मोरीची जाळी साफ करायला उचलली. खाली बुळबुळीत भाताचा गोळा होता, त्यात केस अडकलेले. तिचं पोट एकदम उसळलं. ती तिथेच ओणवी झाली आणि चहा, पोळी, सगळं बाहेर पडलं. घशात जळजळत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ती हसत होती.

“अगंबाई!” सासूबाई दारात येऊन थबकल्या. “गोड बातमी आहे की काय?”

“नाही हो आई. नाक आलं परत.”

ती तोंड धुवून उभी राहते न राहते, तोच बोंद्रेंचं ते पेढ्याचं तोंड तिच्यासमोर आलं. ज्याला घाण वाटतच नाही त्याला. दोन आठवडे ते वाक्य तिच्यात पडून होतं, फ्रिजच्या तळाशी विसरलेल्या डब्यासारखं, आणि आता त्याचं झाकण उघडलं होतं. तिचा ओठ वळला. त्याच्यामागून आली ती स्वतःची किळस: तिने ते ऐकलं होतं आणि कप धुतले होते. लेकीला सडकं भरवलं हे ठाऊक असून एकोणीस घरांना तिने सांगितलं नव्हतं. थेंबांनी नुसता नाकाचा रस्ता बंद केला होता, की आणखी कुठला? का थेंबांवर ढकलून ती मोकळी होत होती? मोरीच्या कठड्याला धरून ती पुन्हा ओकली, आणि या वेळी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी पाकीट उघडलं. यादीत एकतीस नंबरपुढे मौनरेणू लिहिलं होतं. दुसरी मात्रा द्यायची वेळ आली तेव्हा जाईने नकार दिला. बाकी एकोणीस जणांनी घेतली; मॅडमसमोर त्यांना थांबवायची छाती तिला अजूनही झाली नाही. खाऱ्या पाण्याच्या गटातले लोकही रांगेत येऊन, आम्हालाही द्या म्हणू लागले.

इंटर्नशिपचा अहवाल सोमवारी द्यायचा होता. त्यात जाईने एक जादा पान घातलं. वर लिहिलं, ‘आठवं झाकण’. खाली रेवाची हकिगत तारखेसकट, आणि शेवटी: चाचणीतल्या कोणालाही घरातल्या अन्नाबद्दल विचारलेलं नाही.

डॉ. टेंभेकरांनी ते पान दोनदा वाचलं. “हे ठेवलंस तरी तुझ्या प्रमाणपत्रावर मी सही करीन. तेवढी वाईट नाही मी. पण थेंबांची मंजुरी थांबेल. वर्ष, कदाचित दोन.” त्यांनी पान तिच्याकडे सरकवलं. “कांताबाई खंडारे आठवते? बारा नंबर. तिच्या घरी जा, तिला विचार, आणि मग ठरव. माझ्याकडे बघून ठरवू नकोस.”

---

रविवारी सासूबाई लग्नाला गेल्या होत्या, म्हणून रेवाला बरोबर घ्यावं लागलं. आजारपणापासून रेवाने एक नवीन काम अंगावर घेतलं होतं. आई जेवायला वाढायची, की ती ताटलीवर वाकून जोरात वास घ्यायची, डोळे मिटून, पोट फुगवून. मग जाहीर करायची, “चालेल!” वाटेत तिने रिक्षातल्या सीटचाही वास घेतला आणि नापास केलं.

कांताबाईचं घर दोन खोल्यांचं, शेणाने नाही तर फरशीच्या तुकड्यांनी नक्षी केलेल्या अंगणाचं. तिने जाईला पाहिलं आणि हात पुसत उठली. “ये वं पोरी, ये. हे तुह्यी लेक काय? बस नं. नंबर बारा म्हणतं का कांताबाई म्हणतं?”

“कांताबाईच म्हणते,” जाई हसली.

आत खाटेवर एक लहान मुलगी पडून होती, डोळे खोल गेलेले. “परी आहे, नात. तिले ऊन लागलं,” कांताबाई म्हणाली. “दोन दिवस झाले, पोटात काही ठरत नाई.”

जाईने पिशवीतून ते पान काढलं आणि सांगायला सुरुवात केली. वरण, भात, तिसरा घास. थेंबांमुळे काय होतं, काय झालं, परीला आजच दवाखान्यात का न्यायला हवं. कांताबाई ऐकत होती, नातीच्या कपाळावर हात ठेवून.

“नेतो तिले,” ती म्हणाली. “आता नेतो. पन तू हे लिहू नको.”

“कांताबाई...”

“आयक. अठरा वर्सं झाले मले. जळलेल्या मान्साच्या वार्डात. घरी येऊन तीन डाव आंघोळ करो मी, अन् तरी घास तोंडाजवळ नेला का तेच याचं समोर. माह्या नवरा गेला तोवर म्हणे, तू जेवताना अशी काहून करतं, जसं कोनं मारून राह्यलं. हे थेंब घातले अन् चवथ्या दिवशी मी दोन भाकरी खाल्ल्या. दोन! ठेच्यासंग. अन् रडली मी बसून.” तिने डोळे पुसले नाहीत. “ते हातमोजे देनं बंद केलं त्या कंत्राटदारानं. म्हनते, तुले कायची घाण. ते मले समजते, मी काही बयताड नाई. त्याच्यासाठी भांडीन मी. पन थेंब नको काढू माह्ये.”

“आणि परी?”

कांताबाई उठली, चुलीकडे गेली. पाहुण्याला घरात कोरडं बसवायचं नाही, तेवढंच तिच्या हातात होतं. झाकणीचा आवाज झाला. दोन वाट्या घेऊन ती आली आणि एक जाईच्या हातात दिली, एक रेवाच्या समोर ठेवली. “शेवयाची खीर. परवा परीसाठी केली होती, तिनं खाल्ली अर्धीच. वेलदोडा घातला आहे.”

वाटी हातात आली आणि वास वर आला. वेलदोडा होता. त्याच्याखाली फाटलेलं, चिकट, दोन दिवसांच्या उन्हात उबलेलं दूध होतं. जाईला वाटी तोंडाजवळ न्यायचीही गरज नव्हती. तरी तिने नेली. या घरातली वाटी नाकारणाऱ्या माणसांच्या पिढ्या होऊन गेल्या होत्या, आणि त्यांच्यापैकी कोणाचंही कारण दूध नव्हतं. तिने श्वास रोखला. चमचा भरला. आपण एक चमचा गिळू शकतो, असं तिने स्वतःला सांगितलं.

कांताबाई तिच्या तोंडाकडे बघत होती. पंधरा वेळा त्या टेबलाशी बसलेली, ओठाला पट्टी लावून घेतलेली बाई होती ती. कुठे बघायचं हे तिला पक्कं माहीत होतं.

“वळला,” कांताबाई अगदी हळू म्हणाली. “ओठ वळला वं तुह्या.”

“कांताबाई, तसं नाही. खरंच, दूध...”

“दूध आहे का मी आहे?”

जाईने वाटी खाली ठेवली. कांताबाईने ती उचलली, नाकाशी धरली, आणि लांब श्वास घेतला. पुन्हा घेतला. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. “मले तं वेलदोडा येते,” ती म्हणाली, आणि खाटेकडे पाहिलं. “मले नुसता वेलदोडा येते.”

खाटेवरची परी कुशीवर वळली. रेवा इतका वेळ आपल्या वाटीवर वाकून, डोळे मिटून, पोट फुगवून आपलं काम करत होती. तिने नाक मुरडलं, वाटी दोन्ही हातांनी हलकेच दूर सारली, आणि आधी खाटेकडे, मग कांताबाईकडे पाहिलं. आईने दटावलेलं आठवून ती शी म्हणाली नाही. जाईच्या कानाशी येऊन, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं,

“आई, यांच्या घरी वास कोण घेतं?”